फुफीचं निळं कार्ड

बर्मिंगहॅमच्या मध्यातून निघालेला स्ट्रॅटफर्ड रोड स्पार्कब्रुक आणि स्पार्कहिलमधून दक्षिणेकडे जातो. दोन्ही बाजूंना मिठाईची, कपड्यांची, हलाल गोश्तची दुकानं आहेत. शनिवारी दुपारी तिथे मोहम्मद अली रोडची आठवण यावी इतकी गर्दी असते. फरक एवढाच की रस्त्याच्या कडेला पिवळ्या रेषा आहेत आणि त्या रेषांना लोक घाबरतात. एक रेष असेल तर पाटीवर दिलेल्या वेळेत गाडी उभी करायची नाही, दोन असतील तर कधीच नाही.

आम्ही चार आठवडे फुफींकडे राहिलो. सोबत अब्बा होते. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांच्या उजव्या पायाला कॅलिपर आहे. गावी ते साइड व्हीलच्या स्कूटरवर फिरतात, पण स्कूटरवरून उतरल्यावर पन्नास पावलं चालणंही त्यांना जड जातं. फुफींचे गुडघे आणि कंबर निकामी झाल्यामुळे त्यांना तिथल्या कौन्सिलने ‘ब्लू बॅज’ दिला आहे. तळहाताएवढ्या त्या निळ्या कार्डावर व्हीलचेअरचं चिन्ह आणि मुदतीची तारीख असते, पाठीमागे फोटो. कार्ड काचेमागे ठेवताना फोटोची बाजू खाली ठेवायची. सोबत पुठ्ठ्याचं एक घड्याळ मिळतं, त्याचे काटे आपण किती वाजता आलो त्या वेळेवर लावायचे.

हे कार्ड असलं की इंग्लंडमध्ये एकेरी किंवा दुहेरी पिवळ्या रेषेवर तीन तासांपर्यंत गाडी उभी करता येते. मात्र फूटपाथच्या कडेला आडव्या पिवळ्या खुणा असतील तर तिथे कार्ड चालत नाही, कारण ती जागा माल उतरवायलाही बंद असते. स्कॉटलंडमध्ये तीन तासांची अट नाही, म्हणून घड्याळही लागत नाही. हे सगळं आम्हाला फुफींनी गाडीत मागच्या सीटवरून समजावलं. एखाद्या वकिलाला लाजवील इतका त्यांचा यात अभ्यास आहे.

कार्डामागे इतिहास आहे. आल्फ मॉरिस नावाचे मँचेस्टरचे खासदार होते. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात जखमी होऊन अपंग झाले होते. १९७० साली मॉरिस यांनी अपंग आणि दीर्घकाळ आजारी असलेल्यांसाठी कायदा मंजूर करून घेतला आणि त्यातूनच पुढच्या वर्षी नारिंगी बॅज आला. तो २००० साली निळा झाला. २०१९ पासून इंग्लंडमध्ये वरवर न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही तो मिळू लागला. स्वमग्न मूल रस्त्यात घाबरून सैरावैरा पळत असेल, तर त्याच्या आईवडिलांनाही गाडी जवळ लावण्याची गरज असतेच. नियम बदलल्यावर ‘चांगला चालता-बोलता माणूस, याला कशाला हवी ही जागा?’ असं म्हणणारेही निघाले, म्हणे. तसे लोक आपल्याकडेही आहेत, त्यामुळे आम्हाला नवल वाटलं नाही.

पहिल्या जुम्याला प्रश्न उभा राहिला. फुफी घरीच थांबणार होत्या. मशिदीच्या आसपासच्या गल्ल्या जुम्याच्या वेळी भरून जातात आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी होतात, म्हणून वॉर्डन हमखास फिरत असतो. फुफींच्या धाकट्या मुलाने कार्ड उचललं आणि म्हणाला, “मामूंना तर अम्मीपेक्षा जास्त त्रास आहे. मग काय हरकत आहे?”

हरकत होती. कार्ड गाडीला मिळत नाही, माणसाला मिळतं. ज्याच्या नावाचं आहे तो गाडीत असला पाहिजे, नाहीतर गाडी त्याला सोडायला किंवा घ्यायला आलेली असली पाहिजे. फुफी गाडीत बसून राहिल्या आणि मुलगा गोश्त आणायला उतरला, तर तेवढ्यासाठीही कार्ड वापरायचं नाही. अब्बांचा पाय कितीही खरा असला तरी कार्डावर नाव त्यांचं नव्हतं, आणि ते तिथल्या रहिवाशांनाच मिळतं. मग पाहुण्याने काय करायचं? आम्हाला हे कठोर वाटलं, आजही थोडं वाटतं. पण अब्बांनी फक्त विचारलं, “फोटो कुणाचा आहे?” आणि कार्ड परत टेबलावर ठेवलं.

वाट मात्र निघाली. पिवळ्या रेषेवर माणसं उतरवण्यापुरतं थांबायला सहसा बंदी नसते. मशिदीच्या दाराशी अब्बांना उतरवलं, खुर्ची पहिल्या सफेजवळ लावून दिली आणि गाडी दहा मिनिटं दूर नेऊन लावली. चारही जुमे असेच झाले.

तिथे नियम पाळले जातात, कारण ते मोडले तर महागात पडतं. वॉर्डन कार्ड मागून तपासू शकतो. २०१३ च्या कायद्याने साध्या कपड्यातल्या अधिकाऱ्यालाही गैरवापर होणारं कार्ड काढून घेता येतं. प्रकरण कोर्टात गेलं तर दंड हजार पौंडांपर्यंत होऊ शकतो. वारलेल्या आजीचं कार्ड नातवाने वापरणं हा तिथला नेहमीचा गुन्हा. आपल्या मोहल्ल्यातही असे लोक पकडले गेलेत, हे फुफींनी जरा हळू आवाजात सांगितलं.

सगळंच सरळ आहे असं मात्र नाही. लंडनला गेलो तेव्हा एजवेअर रोडवर अरबी जेवणाचा बेत होता. तो भाग वेस्टमिन्स्टरमध्ये येतो, आणि वेस्टमिन्स्टर, सिटी ऑफ लंडन, केन्सिंग्टन-चेल्सी आणि कॅमडेनचा दक्षिण भाग इथे ब्लू बॅजची पिवळ्या रेषेची सवलत लागू नाही. जागा कमी म्हणून या भागांनी आपापल्या रहिवाशांसाठी वेगळ्या रंगांचे बॅज काढले आहेत. बर्मिंगहॅममध्ये ज्यांना दोन पावलं चालवत नाही, त्यांना राजधानीत चालता येतं की काय? फुफी गाडीत असूनही आम्ही अर्धा तास निळी जागा शोधत फिरलो. जेवण थंडच झालं. सुपरमार्केटच्या खासगी पार्किंगचं आणखी निराळं. तिथे सरकारी नियमांऐवजी जागामालकाचे नियम चालतात, आणि त्यांची चिठ्ठी दिसते मात्र हुबेहूब सरकारी दंडाच्या पावतीसारखी.

परत आल्यावर एका सरकारी कचेरीत अब्बांच्या कामासाठी जावं लागलं. दाराजवळ जमिनीवर व्हीलचेअरचं चिन्ह रंगवलेलं होतं आणि त्यावर साहेबांची गाडी उभी होती. चौकीदाराला विचारलं तर तो म्हणाला, “चिन्ह इन्स्पेक्शनच्या वेळी काढलंय.” अब्बांनी स्कूटर फाटकाबाहेर लावली आणि पायऱ्यांपर्यंत चालत गेले. वाटेत दोनदा थांबले.

आपल्याकडे कागद कमी नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बसस्थानक, रेल्वे स्टेशन आणि विमानतळावरच्या पार्किंगचा उल्लेख आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दारापासून तीस मीटरच्या आत, ३.६ मीटर रुंदीच्या किमान दोन जागा हव्यात. रुंदी जास्त अशासाठी की दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावता आली पाहिजे. यूडीआयडी कार्ड आहे. ऑक्टोबर २०२० पासून वाहनाच्या नोंदणीत मालक दिव्यांग असल्याची नोंदही करता येते. पण काचेमागे ठेवायचं, देशभर चालणारं आणि वॉर्डनने तपासायचं असं एक कार्ड नाही. त्यामुळे साहेबांच्या गाडीला कुणी विचारत नाही, आणि अब्बांच्या स्कूटरलाही कुणी ओळखत नाही.

अब्बांनी कचेरीत लेखी अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे, शिक्क्यासह. आरटीओत नोंद बदलण्याचे कागदही जमवतो आहोत. त्यात स्कूटरचा विमा संपल्याचं लक्षात आलं, म्हणून आधी तो. फुफींचा परवा फोन आला होता. त्यांच्या कार्डाची तीन वर्षांची मुदत संपत आली आहे. नवा फोटो काढायचा आहे, दहा पौंड भरायचे आहेत, आणि डोक्यावर ओढणी घेतलेला फोटो चालतो ना, हे मुलाला कौन्सिलकडे विचारायला लावलं आहे.