आजची किंमत किती, आणि कशावरून?

'वाजवी' हा शब्द आपण उठता-बसता वापरतो. वाजवी दर, वाजवी भाडं, वाजवी अपेक्षा... पण एखाद्या वस्तूची वाजवी किंमत म्हणजे नक्की किती, असं कुणी विचारलं की आपण गडबडतो. मी जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. हिशेबाशी संबंध आला तो हजेरीपटाच्या बेरजा आणि सहलीची वर्गणी एवढ्यापुरता. त्यामुळे शेअर, रोखे आणि भाड्यानं दिलेल्या जागा यांचं वाजवी मूल्य कसं काढतात या विषयावर मी कधी चार ओळी लिहीन असं मलाही वाटलं नव्हतं. पण माझी पुतणी सीए आहे. तिच्याकडून हे थोडंफार शिकले आणि शिकलेलं आमच्याच घरात कामाला आलं. म्हणून लिहिते आहे. जाणकारांनी हसू नये, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

आधी व्याख्या. (मास्तरीण आहे, सवय जात नाही.) कंपन्यांनी हिशेब कसे लिहावेत याचे नियम असतात, त्यांना लेखा मानकं म्हणतात. लंडनच्या आंतरराष्ट्रीय मंडळानं २०११ साली वाजवी मूल्य या एकाच विषयावर एक स्वतंत्र मानक काढलं. त्यालाच जुळणारं भारतीय मानक, 'इंड एएस ११३', २०१५ साली अधिसूचित झालं आणि १ एप्रिल २०१६ पासून टप्प्याटप्प्यानं मोठ्या कंपन्यांना लागू झालं. त्यातली व्याख्या माझ्या भाषेत अशी : ठरलेल्या तारखेला, एकमेकांशी नातं-बांधिलकी नसलेल्या, माहीतगार आणि राजीखुशीनं व्यवहार करणाऱ्या माणसांमध्ये वस्तू विकली, तर विकणाऱ्याच्या हातात जी किंमत पडेल ती.

एकेक शब्द पाहा. विकली तर मिळेल ती किंमत, घेताना मोजलेली नव्हे. बायकांना हे चटकन कळेल. सोनाराकडे घेताना एक भाव आणि मोड घालताना दुसरा. घडणावळ गेली ती गेली. वाजवी मूल्य हे साधारण त्या मोडीच्या बाजूचं. पण रीतसर व्यवहारातलं. 'अडला हरी' होऊन, उद्या दवाखान्यात पैसे भरायचे आहेत म्हणून मिळेल त्या भावाला विकलं, तर ती वाजवी किंमत धरत नाहीत. आणि 'ठरलेल्या तारखेला' हे तर फारच महत्त्वाचं, ते पुढे येईलच.

बरं, ही किंमत शोधायची कुठे? मानकात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पायरी : अगदी तीच वस्तू रोज उघड बाजारात विकली जाते, तिचा भाव छापून येतो. नोंदणी झालेल्या कंपनीचा शेअर हे त्याचं उदाहरण. तिथे वाद नाही. दुसरी पायरी : तीच नाही, पण तिच्यासारखी वस्तू विकली गेली आहे, किंवा व्याजदरासारखं काहीतरी बाजारात दिसतं आहे ज्यावरून हिशेब बांधता येईल. म्हणजे शेजारच्या इमारतीतला फ्लॅट अमुक दरानं गेला, मग आपला किती? तिसरी पायरी : बाजारात काहीच दिसत नाही, म्हणून आपण अंदाज बांधायचा. हा अंदाज करू नये असं मानक म्हणत नाही. करा म्हणतं, पण कोणती गृहीतकं धरली ते उघड लिहा. कारण तिसऱ्या पायरीवर माणूस आपला तो बाब्या करणारच!

भाव उघड न लिहिल्यानं काय होतं याचं आपल्या पिढीला ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे युनिट ट्रस्टची 'यूएस ६४' योजना. १९६४ साली सुरू झालेली, मध्यमवर्गाच्या अगदी विश्वासातली. त्यात माझे पैसे नव्हते, पण ती गोष्ट आपण सगळ्यांनीच वर्तमानपत्रांतून वाचली. या युनिटचा खरेदी-विक्रीचा दर ट्रस्ट स्वतः जाहीर करत असे. आत जे शेअर आणि रोखे होते त्यांची बाजारातली किंमत धरून तो दर निघत नसे. २००१ साली जाहीर दर १४ रुपयांच्या आसपास होता. जुलै २००१ मध्ये ट्रस्टनं व्यवहारच थांबवले. पुढे आतल्या मालमत्तेची किंमत धरून हिशेब मांडला तेव्हा युनिटमागे सहा रुपयेसुद्धा भरले नाहीत. शेवटी सरकारला मध्ये पडून छोट्या गुंतवणूकदारांना हमीचा दर द्यावा लागला. व्यवहार बंद होण्याआधीच्या काही आठवड्यांत मोठमोठ्या कंपन्यांनी आपले पैसे काढून घेतल्याचंही उघड झालं. म्हणजे वर वर पाहता दर सगळ्यांना सारखा होता, पण जो आधी निघाला तो मागे राहणाऱ्याच्या वाट्यातलं घेऊन निघाला. आकडा दिसत नसला की नुकसान होतं ते बहुतेक वेळा न विचारणाऱ्याचं.

आता घरची गोष्ट. आमच्या घरातली काही मंडळी हे वाचतात, त्यांना विचारूनच लिहिते आहे.

आमच्या अण्णांनी १९७१ साली सांगलीत गावभागात दोन गाळे घेतले, २२ हजार रुपयांना. स्वतः वापरायला नव्हे, भाड्यानं द्यायला. हिशेबाच्या भाषेत ही 'गुंतवणुकीची मालमत्ता'. आपण राहतो ते घर वेगळं, भाड्यासाठी किंवा भाव वाढेल म्हणून धरून ठेवलेली जागा वेगळी. शिवाय अण्णांकडे थोडे शेअर होते. मृत्युपत्र नव्हतं. आधी अण्णा गेले, २०१९ च्या अखेरीस आई गेली, आणि आम्ही तिघं उरलो. मी थोरली, मग भाऊ, मग धाकटी बहीण. अनेकांना वाटतं की मुलींना वाटा २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला. ती दुरुस्ती वडिलोपार्जित मालमत्तेतल्या जन्मजात हक्काबद्दल होती. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून आहे.

जानेवारी २०२१ मध्ये भावानं एक यादी केली. शेअर : ११ लाख. गाळे : २२ हजार. आणि म्हणाला, "ताई, तुम्ही दोघी सगळे शेअर घ्या. मला गाळे राहू देत. तेवढी हक्कसोडपत्रावर सही करा." यादी पाहिली तर वाटावं, केवढा मोठ्या मनाचा! आणि खरं सांगते, त्याच्या मनात खोट नव्हती. गाळ्यांचा २२ हजारांचा आकडा अण्णांच्या वहीत अण्णांच्याच अक्षरात होता. शेअरचा आकडा त्या आठवड्यातल्या भावाचा होता. दोन्ही आकडे खरे होते, फक्त त्यांच्या तारखांमध्ये पन्नास वर्षांचं अंतर होतं. आणि वेगवेगळ्या तारखांच्या आकड्यांची बेरीज करायची नसते.

तारखेचं महत्त्व शेअरकडे पाहिलं तरी कळतं. २३ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या तोंडावर, सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० अंकांहून अधिक कोसळून २६ हजारांच्या खाली बंद झाला. पुढच्या जानेवारीत त्यानं ५० हजारांना हात लावला. अण्णांचे तेच शेअर मार्चमध्ये सहा लाखांचेही नव्हते. कागद तेच, कंपन्या त्याच.

धाकटी म्हणाली, "ताई, जाऊ दे गं. भावाशी का भाव करायचा? करून टाकू सही." तिचे यजमान गेल्याला चार वर्षं झाली होती, गुडघ्यांची शस्त्रक्रिया लांबणीवर पडली होती, आणि तरी ती असं म्हणत होती. मी म्हटलं, सही करू, पण काय सोडतो आहोत ते आधी कळू दे. हक्कसोडपत्रात 'विनामोबदला' हा एक शब्द लिहिला की काम भागतं, सोडलं ते किती मोलाचं होतं हे कुणी विचारत नाही. मला ते विचारायचं होतं.

भाऊ दुखावला. "बाहेरचा माणूस आणून मोजमाप करणार का आपल्यात?" असं म्हणाला आणि दोन आठवडे फोन केला नाही. तरी व्हॅल्युअर बोलावला. त्यानं तीन आकडे मांडले. सरकारी रेडी रेकनरच्या दरानं, गाळे रिकामे आहेत असं धरून, २८ लाख. नुसत्या भाड्यावरून हिशेब केला तर अगदी वेगळंच : दोन्ही गाळ्यांचं मिळून महिन्याला दोन हजार, वर्षाचे २४ हजार, त्यातून घरपट्टी आणि दुरुस्ती ९ हजार वजा, उरले १५ हजार. आठ टक्के परतावा धरला तर त्याचं मूल्य १ लाख ८७ हजार ५००. कुठे २८ लाख आणि कुठे दोन लाखांच्या आत! जागा तीच.

खरी किंमत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. कारण घेणारा माणूस दोन गोष्टी बघणार. एक, भाडेकरू जुने आहेत, कायद्याचं संरक्षण असलेले, ते उद्या उठणार नाहीत. दोन, पाणी. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि गावभागात पाणी शिरलं होतं. भाडेकरू आणि पूर हे जागेबरोबर नव्या मालकाकडे जाणार, म्हणून ते किमतीत धरायचे. उलट पुढेमागे इमारत नव्यानं बांधली जाईल ही आशाही घेणाऱ्याच्या मनात असते, तीही धरायची. सगळं धरून व्हॅल्युअरनं ११ लाख आकडा दिला आणि कोणत्या कारणासाठी किती कमी-जास्त केलं ते अहवालात लिहिलं.

पण भावाचं एक म्हणणं होतंच, आणि ते रास्त होतं. वीस वर्षं भाडं गोळा करणं, घरपट्टी भरणं, पुरानंतरचा चिखल काढणं हे सगळं त्यानं केलं होतं. हे किमतीत कुठे बसतं? पुतणी म्हणाली, किमतीत बसत नाही. वाजवी मूल्य मालमत्तेचं असतं, मालकाच्या कष्टांचं किंवा जिव्हाळ्याचं नसतं. बाहेरचा गिऱ्हाईक त्याचे पैसे देणार नाही. म्हणून ते खोटं ठरत नाही, त्याची ओळ वेगळी लिहायची इतकंच.

तशी लिहिली. एकूण २२ लाख. भावाच्या कष्टांचे अडीच लाख, तिघांच्या संमतीनं, बाजूला. उरले साडेएकोणीस, प्रत्येकी साडेसहा. आम्हा दोघींना शेअरचे साडेपाच-साडेपाच आले होते, म्हणजे भावानं प्रत्येकीला एक-एक लाख द्यायचे. धाकटीनं तिचे घेतले, गुडघ्यांसाठी. मी माझे सोडले. पण कागदावर लाखाचा आकडा लिहून सोडले. सोडल्याचं समाधानही मला त्यामुळेच मिळालं असं वाटतं. किती दिलं हे ठाऊक नसताना दिलं, तर ते दान की निष्काळजीपणा, कसं ठरवायचं?

या सगळ्यात मला पटलेली गोष्ट पुतणीनं जाता जाता सांगितली होती. आंतरराष्ट्रीय मानकात गुंतवणुकीच्या जागा वाजवी मूल्यानं हिशेबात घ्यायची मुभा आहे. भारतानं ती ठेवली नाही. आपल्याकडच्या कंपन्यांनी अशा जागा घेतल्या किमतीवरच, घसारा वजा करून, दाखवायच्या. पण आजचं वाजवी मूल्य काय आहे ते टिपणीत द्यायचंच. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. जमिनीचा भाव वाढला म्हणून नफा झाला असं नाचू नका, पण भाव लपवूही नका. घरांनीही हेच करावं. भावंडांनी एकमेकांना काय द्यावं, काय सोडावं, हे मायेनं ठरवावं. बाजाराला त्यात विचारू नये. पण टिपणीत आकडा असावा. घरोघरी ज्या बहिणी, ज्या काकू, ज्या आत्या 'कुठे सही करू?' एवढंच विचारत आल्या, त्यांनी आधी 'किती?' एवढं विचारावं, आणि मग खुशाल सही करावी.

माझ्याकडे फारसं काही नाही. तरी दिवाळीच्या पाडव्याला वहीत तीन रकाने भरते. कितीला घेतलं, आज किती, आणि कशावरून. तिसरा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो. पहिल्या वर्षी एका ओळीपुढे मी 'शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या' असं लिहिलं होतं. दुसरी पायरी म्हणायची, की तिसरी? जाणकारांनी सांगावं.

चू. भू. द्या. घ्या.