कणसांचा शेजार

निखाऱ्यांवर मक्याचे कणीस तडतडत असताना शेजारून निर्विकारपणे निघून जाणारा माणूस थोर असेल; मी मात्र त्यातला नव्हे. साताऱ्यात पावसाची झड लागली, की यवतेश्वराच्या घाटात शेगड्या पेटतात आणि माझी पावले आपोआप तिकडे वळतात. अलीकडे मात्र तेथे एक प्रश्न विचारला जातो : "देशी देऊ, की अमेरिकन?"

वास्तविक मका मुळात अमेरिकेचाच. पोर्तुगीजांच्या काळात तो इकडे आला. आपला 'देशी' म्हणजे केवळ जुना बिऱ्हाडकरू! तरी मी बाणेदारपणे 'देशी' असेच उत्तर देतो. त्याचा दाणा दातांशी झुंजतो, आणि लिंबू-तिखटमिठाला तोलामोलाचा जोडीदार ठरतो. गोड मक्यावर लिंबू पिळणे मला बासुंदीत मीठ घालण्यासारखे वाटते.

आमचे दादा सांगलीजवळ कृष्णाकाठी शेती करतात. गेल्या ज्येष्ठात मी तेथे गेलो, तेव्हा आजीच्या वेळेपासून दरवर्षी राखलेल्या बियाण्याची कणसे आढ्याला तशीच टांगलेली होती.

"यंदा गोड मकाच. देशी शेजारी लावता येत नाही," दादा म्हणाले.

मला ती सबब वाटली. पण ते शास्त्र होते. दाण्यातील साखरेचे पिठूळ सत्त्व बनते. १९५३ साली अमेरिकेतील जॉन लॉफनन यांनी दाखवून दिले, की सुरकुतलेल्या दाण्याच्या एका मक्यात ही क्रिया अडते आणि गोडी टिकून राहते. पण देशी तुऱ्याचे पराग वाऱ्याने या मक्याच्या केसांवर पडले, की दाणा पुन्हा पिठूळ होतो. उलट गोड मक्याचे पराग देशीवर पडले, तर पहिल्या वर्षी काहीच दिसत नाही. पुढच्या पिढीत मात्र सुरकुतलेले दाणे डोकावू लागतात.

"मग गोड मकाच नको!" मी म्हणालो.

माजघरातून आईचा आवाज आला, "तुझ्या देशीला दात लागतात रे. ते मी कुठून आणू?"

मी गप्पच झालो. ज्याला मी इतके दिवस तत्त्व समजत होतो, ते केवळ माझ्या दातांचे बळ होते! पण दुसरेही तितकेच खरे होते. गोड मक्याचे संकरित बियाणे दरसाल विकत आणावे लागते. आणि आढ्यावरचे बियाणे वर्षानुवर्षे पेरलेच नाही, तर एक दिवस ते उगवणारच नाही.

अखेर दादांनीच तोड काढली. गोड मका आधी पेरला आणि बांधाकडेच्या तुकड्यात तीन आठवड्यांनी देशी. एकाचे तुरे वाळले, तेव्हा दुसऱ्याचे फुटले. आईने उकडलेली गोड कणसे मिटक्या मारीत खाल्ली. पुढे भाद्रपदात मी देशी कणीस भाजले आणि सहज तिच्या हाती दिले. तिने ते खाल्ले नाही. नाकाशी धरून बराच वेळ वास घेतला.

मग मला परत देत म्हणाली, "यातली चार झाडावरच वाळू दे हो. पुढच्या वर्षाला लागतील."