अण्णांची फाइल उघडली तेव्हा...

गेल्या दिवाळीची साफसफाई चालली होती. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सात फ्लॉपी आणि एक सीडी सापडली. सीडीवर यांच्या अक्षरात लिहिलं होतं : 'अण्णांचं लिखाण.'

अण्णा म्हणजे माझे सासरे. पाटण तालुक्यात शिक्षक होते. १९९९ साली यांनी घरी कॉम्प्युटर आणला, तेव्हा अण्णा अडुसष्ट वर्षांचे होते. नातवंडं गेम खेळायची आणि अण्णा एका बोटाने मराठी टाइप करायला शिकायचे. रोज एक पान. कुणी डोकावलं की म्हणायचे, "पुरं झाल्यावर वाचा." पण ते पुरं झालंच नाही. २००७ साली अण्णा गेले आणि ती पेटी माळ्यावर गेली.

सासूबाई आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. डोळ्यांना फारसं दिसत नाही, कान मात्र तल्लख. सीडीचं ऐकताच म्हणाल्या, "अगं, मग वाचून दाखव की! माझ्याबद्दल काही लिहिलंय का बघ."

"दाखवते आई, पाच मिनिटांत," मी म्हटलं. त्या पाच मिनिटांचे पुढे तीन आठवडे झाले.

लॅपटॉपला सीडीची खाचच नव्हती. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह शेजारून मागून आणला. फाइल दिसली, पण उघडेना. ही जुन्या प्रकारची फाइल असून सुरक्षेसाठी ती उघडायला मनाई आहे, असा संदेश आला. एका दुकानात दाखवलं, तर तिथला मुलगा म्हणाला, "काकू, डेटा करप्ट झालाय. विसरा आता." घरी येऊन सासूबाईंना काय सांगायचं, याचाच घोर लागला.

शेवटी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामी, फाइल बिघडलेली नसेल, म्हातारी झाली असेल." त्याने समजावलं ते असं : वर्डच्या फाइलची ठेवण वेळोवेळी बदलत गेली. २००७ च्या आवृत्तीपासून 'डॉक' जाऊन 'डॉकएक्स' आलं. त्याहून कितीतरी जुन्या फाइलींतून व्हायरस शिरू नये म्हणून नवे प्रोग्रॅम त्यांना दारातच अडवतात. फाइल आपल्याच घरची असेल, तर लिबरऑफिस नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती बहुधा उघडते. मग 'सेव्ह ॲज' करून नव्या प्रकारात ठेवायची. मात्र मूळ फाइलला हात लावायचा नाही. काम नेहमी नकलेवर करायचं.

तसं केलं आणि फाइल उघडली! पण आनंद क्षणभरच टिकला. पडद्यावर मराठीचा एक शब्द नव्हता. इंग्रजी अक्षरं, टिंबं, उलटेसुलटे काने... जणू कुणी डाळ-तांदूळ एकत्र सांडले होते.

पुन्हा फोन. कारण साधं होतं. त्या काळी मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. फाइलमध्ये साठते ते इंग्रजी चिन्हच. फॉन्ट फक्त त्याला मराठी कपडे चढवतो. फॉन्ट नाही, म्हणजे कपडे नाहीत. त्यातून प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. युनिकोडमध्ये तसं नसतं. तिथे 'क' चा क्रमांक जगभर एकच, २३२५. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली खरी, पण आपल्या घरांत मराठीसाठी ती रुळायला बरीच वर्षं गेली. अण्णा त्याआधीचे.

"मजकुरावर क्लिक करा," भाचा म्हणाला. "वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव दिसेल. फॉन्ट नसला तरी नाव दिसतं."

ते नाव कागदावर लिहून मी पलीकडच्या गल्लीत लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्या ताईंकडे गेले. त्या हसल्या. "अजून रोज वापरते मी हा!" त्यांच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली आणि पानावर अण्णांची अक्षरं उमटली. माझे डोळेच भरून आले.

ताईंनी मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्येही करून दिला, म्हणजे आता तो कुठल्याही फोनवर वाचता येईल. पण बजावलं, "ओळ न् ओळ ताडून बघा." खरंच होतं ते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं याच्या उलट. या अदलाबदलीत वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या होत्या, 'सूर्य' चा रफार हरवला होता, काही जोडाक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले होते. जुन्या फॉन्टमधली छापील प्रत शेजारी ठेवून मी रोज दुपारी चार पानं तपासू लागले.

सतराव्या पानावर कोयनेचा भूकंप आला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. सगळे बाहेर अंगणात, आणि सासूबाई पुन्हा घरात शिरल्या. त्या बाहेर आल्यावर अण्णा त्यांना चारचौघांत वाट्टेल ते बोलले. ही हकिगत सासूबाईंनी मला अनेकदा सांगितली होती. दर वेळी शेवट एकच : "शेजारच्या बाळंतिणीच्या लेकरासाठी घोंगडी आणायला गेले होते गं. तरी बोलले."

त्याच प्रसंगावर अण्णांची ओळ होती : 'मी रागावलो न', मग एक चौकोन, मग 'तो.' अंदाज आला होता, पण अण्णांच्या शब्दांत मला माझा अंदाज मिसळायचा नव्हता. छापील प्रत उघडली आणि 'व्ह' भरला.

संध्याकाळी दिवा लावल्यावर सासूबाईंजवळ बसले आणि वाचलं, "मी रागावलो नव्हतो, घाबरलो होतो. हे तिला सांगायचं राहून गेलं."

त्या काही बोलल्या नाहीत. पदराची चुणी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते माहीत होतं मला."

मी पान उलटणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "पण लिहिलंय ना तसं? पुन्हा वाच."

आता अण्णांचं लिखाण नव्या फाइलमध्ये आहे, पीडीएफमध्ये आहे आणि मुलांच्या फोनवरही. मूळ सीडी मी जपून ठेवली आहे. शिवाय एक प्रत मोठ्या टाइपात छापून बांधून घेतली. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर यंदाच्या साफसफाईत ती रद्दीत टाकू नका. आधी उघडून बघा.

आमची ती बांधलेली प्रत सासूबाईंच्या उशाशी असते. वाचता येत नाही त्यांना, पण सतराव्या पानावर त्यांनी खुणेला लोकरीचा धागा घालून घेतला आहे.