ढोल आणि डावा पाय

वार्षिक परेडची फिल्म एडिट करायचं काम यंदा माझ्याकडे आलं. संगणक कक्षातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राची पट्टी वेगळी, बँडच्या आवाजाची वेगळी. कॅमेरा हलला होता म्हणून मी दीड सेकंदाचा तुकडा उडवला. मागचं सगळं चित्र पुढे सरकलं, बँड जागेवरच राहिला. तेज चालीत मिनिटाला 120 पावलं, म्हणजे दीड सेकंदात तीन. ढोलाच्या ठोक्यावर अख्ख्या कंपनीचा उजवा पाय! उस्ताद पडद्याकडे बघत होते, मी जमिनीकडे.

असले घोळ टाळायला अ‍ॅपलने 2011 मध्ये फायनल कट प्रो एक्स आणलं. पट्ट्या काढून टाकल्या. चित्राला जोडलेला आवाज चित्रासोबत सरकू लागला. नवख्यांची सोय झाली, पण अनेक कॅमेऱ्यांचं एकत्र संपादन गायब, जुने प्रोजेक्ट उघडेनात. त्यावर पोट असणारे संपादक खवळले, आणि मला ते पटतं. मल्टिकॅम 2012 मध्ये परत आलं.

सुट्टीत दादाच्या लॅपटॉपवर मी तेही वापरलं. पाय पुन्हा चुकले! आमचा बँड सलग वाजणारा. तो पहिल्याच चित्राला एका जागी जोडला गेला होता. हे सॉफ्टवेअर चित्राला कणा मानतं. परेडचा कणा बँड. शेवटी बँडच मुख्य रांगेत घातला आणि एकेक चित्र त्याला वरून जोडलं. दोन रात्री गेल्या.

उस्तादांनी पुन्हा पाहिलं. "तिसऱ्या रांगेत एकाचा पाय अजून चुकतोय."

तो खरोखरच चुकला होता. कोण, ते सांगत नाही.