न्यूटन आणि नवगावकर

मंडणगड

चि. मुक्ता हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या ऑफिसातल्या न्यूटनबाईंनी आडनावाचा अर्थ विचारला आणि ‘काही नाही, नुसतं गावाचं नाव आहे’ एवढंच सांगून तू विषय मिटवलास, हे वाचून राहवेना. अगं, त्यांचंही गावाचंच! न्यूटन म्हणजे नवी वस्ती. इकडे त्या नवगावकर झाल्या असत्या. अलिबागेजवळच्या नवगावावरून ते आडनाव लावणारे बेने इस्रायल आहेतच. त्यांच्यातच पेणकर, रोहेकर, किहीमकरही.

इंग्लंडात सगळ्यात जास्त स्मिथ, म्हणजे लोहार. गावात लोहार एखादाच, म्हणून तेवढ्यानं माणूस ओळखता यायचा. पण गाव तिथे लोहार, म्हणून देशभर स्मिथच स्मिथ. ‘कर’चं उलटं. केळशीत सगळेच केळशीचे, तिथे कुणाला केळशीकर म्हणून काय कळणार? आपली भावकी तिथे अजून जोशीच आहे. तुझे खापरपणजोबा केळशी सोडून इथे आले, तेव्हा ते केळशीकर जोशी झाले. पुढे जोशी गळलं. गाव सोडल्यावरच गावाचं नाव चिकटलं बघ. माझं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, तरी बाजारात जुनी माणसं ‘केळशीकरांची’ म्हणूनच मला ओळखतात, आणि मला ते फार आवडतं.

आपल्या तालुक्यातलं आंबडवे आठव. तिथलं घराणं सकपाळांचं. रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. 1891 मध्ये महूला भीमरावांचा जन्म झाला. 1900 मध्ये भीमराव साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत गेले. तिथे नाव घालताना वडिलांनी सकपाळ न लावता गावावरून आडनाव घेतलं, त्याचंच पुढे आंबेडकर झालं. बाबासाहेबांचा जन्म आंबडव्याचा नव्हे, बालपणही तिथलं नव्हे. ज्या काळात महारांची घरं वेशीबाहेर ठेवली जात, त्या काळात एका बापानं मुलाच्या नावापुढे अख्ख्या गावाचं नाव लावलं. हे गाव आमचंही आहे, असं ठणकावून सांगणं मला त्यात ऐकू येतं. आंबडव्याच्या रस्त्याला लागले की दर वेळी हेच मनात येतं.

वेळासच्या भानूंचं आडनाव मात्र हुद्द्यानं पालटलं. घराण्याकडे पेशव्यांची फडणिशी आली आणि बाळाजी जनार्दन भानू नाना फडणवीस म्हणून ओळखले गेले. ते स्मिथच्या वळणाचं.

न्यूटनबाईंना विचार, त्यांचं न्यूटन नेमकं कुठलं? त्या नावाची गावं तिकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या घरात कुणाला ठाऊक असेल, तर मला जरूर कळव.

आणि तू केळशी पाहिलीस ती पाच वर्षांची असताना. मे महिन्यात येशील तेव्हा दोघी जाऊ. महालक्ष्मीची ओटी भरायची राहिली आहे.

तुझी,
आत्या