परमुलखातील पाहुणेपण

सरकारी नोकराच्या प्रवासाला तीर्थयात्रेचे पुण्य लाभत नाही आणि सहलीची मौजही लाभत नाही. यात्रेकरू देवासाठी घर सोडतो, सहलीला निघालेला माणूस डोळ्यांसाठी घर सोडतो. आपण बदलीच्या हुकमासाठी सोडतो. पहिले दोघे आठ-पंधरा दिवसांत परततात आणि येताना त्या मुलखाविषयीची पक्की मते बरोबर घेऊन येतात. आपल्याला मात्र तेथे बिऱ्हाड मांडावे लागते, दोन-तीन पावसाळे काढावे लागतात, किराणा आणि मुलांची शाळा पाहावी लागते. आणि गंमत अशी की, मुक्काम जसजसा लांबतो तसतशी आपली मते वाढण्याऐवजी गळून पडू लागतात.

आमच्या वाट्याला तीन वर्षे खासी डोंगर आले. गुवाहाटीहून शिलाँगपर्यंतचा रस्ता सुमारे शंभर किलोमीटरांचा. उमियमचा जलाशय मागे पडला की पाइनचे वृक्ष दिसू लागतात, हवेत गारवा येतो, आणि दीड हजार मीटर उंचीवरील ते गाव पाहून कोणाही मराठी माणसाला महाबळेश्वर आठवते. आम्हांलाही आठवले. परमुलखात पाऊल टाकताच मन आधी आपल्या घरच्या खुंट्या शोधते आणि दिसेल ते त्यांवर टांगून मोकळे होते. पहिले दोन महिने हा उद्योग सुखाने चालतो. पुढे खुंट्या संपतात.

पहिली संपली ती भाषेची. परप्रांतात मराठी माणसाचा मोठा आधार म्हणजे संस्कृत. बंगाल्यात किंवा ओरिसात शब्दांच्या मागे उभे असलेले संस्कृत रूप ओळखून आपण निम्मे संभाषण निभावून नेतो. तेलुगु आणि कानडी मुलखांतही हा आधार अगदीच सुटत नाही. खासी भाषेत तो मुळातच नाही. तिचे गोत्र वेगळे. तिचे दूरचे आप्त ब्रह्मदेशातील मोन आणि कंबोडियातील ख्मेर या भाषांत आहेत. टॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी १८४१ साली चेरापुंजीला आला आणि त्याने ही भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याची प्रथा रुजवली. त्यामुळे बाजारातील प्रत्येक पाटी आम्हांला वाचता येई आणि एकही कळत नसे. निरक्षर माणसाला पाटीसमोर काय वाटत असेल, याची कल्पना आम्हांला साक्षर होऊन चाळीस वर्षे झाल्यावर आली.

या अवस्थेत जो त्रास होतो तो गैरसोयीचा नव्हे. भाजी बोट दाखवूनही विकत घेता येते. त्रास होतो तो आपले माणूसपण आखडल्याचा. आपल्या भाषेत आम्ही थोडेफार चतुर समजले जातो. चार लोकांत कोटी करतो, वेळप्रसंगी रागावतोही. तेथे आमच्याजवळ एकूण तीस-चाळीस शब्द होते आणि तेवढ्या भांडवलावर ना विनोद करता येई ना भांडण. पन्नाशीला आलेल्या माणसाने एखाद्या पोराप्रमाणे हसून वेळ मारून न्यावी, यासारखी शिक्षा नाही.

आणखी एक शब्द तेथे लवकरच कानांवर पडतो: ‘डखार’. मैदानी मुलखातून आलेला, बाहेरचा माणूस. कधी तो सहज उच्चारलेला असतो, कधी त्याला धार असते, आणि कोणता कसा हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते. बाहेरच्याने त्या डोंगरांत जमीन घेण्यावर १९७१ च्या कायद्याने निर्बंध घातले आहेत. म्हणजे तेथले आपले पाहुणेपण कायद्यानेच ठरलेले. ‘उपरा’ आणि ‘परप्रांतीय’ हे शब्द आपल्याही मुलखात आपण जन्मभर ऐकत आलेले असतो. त्या शब्दाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले की तो किती लांबून येऊन लागतो हे समजते. त्याचबरोबर तो उच्चारणाऱ्याची भीतीही समजू लागते: आपण संख्येने थोडे, आणि डोंगराखाली अफाट माणसे.

कालगणनेनेही आमची अशीच परीक्षा पाहिली. खासी लोकांचा जुना आठवडा आठ दिवसांचा. त्यातील वारांची नावे त्या त्या दिवशी भरणाऱ्या बाजारांवरून पडलेली. शिलाँगच्या मोठ्या बाजाराचे ‘इएवदूह’ हे नाव त्यांपैकीच एक. आमची फिरती सोमवार-मंगळवाराच्या हिशेबाने आखलेली. परिणामी मंगळवारी एखाद्या गावी पोहोचावे तो निम्मे गाव बाजाराला गेलेले. सात दिवसांचा आठवडा हा सूर्योदयासारखा निसर्गनियम आहे, अशी आमची समजूत होती. ती त्या रिकाम्या गावांनी मोडली.

त्यांच्या बोलण्यात सूर्य स्त्रीलिंगी आहे आणि चंद्र पुल्लिंगी. लोककथेत ती दोघे बहीणभाऊ आहेत. आपण चंद्राला मामा का म्हणतो याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तेथे तो सूर्याचा सख्खा भाऊ निघाला. त्या समाजात मामाला केवढा मान! कूळ आईकडून चालते, आडनाव आईचे, आणि कुळाच्या महत्त्वाच्या प्रश्नांत आईच्या भावाचा, ‘उ क्नी’चा, शब्द मोलाचा. घर जाते सर्वांत धाकट्या मुलीकडे. तिला ‘खतदुह’ म्हणतात. घराबरोबर म्हाताऱ्या आईबापांचा सांभाळही तिच्याकडेच येतो.

ही माहिती पुस्तकांतून आधीच वाचलेली होती. पण एका फिरतीवर, सोहऱ्याच्या, म्हणजे चेरापुंजीच्या वाटेवरील एका गावात पावसाने आम्हांला अडवले, आणि ती माहिती एकदम अंगावर आली. तेथे वर्षाला सरासरी अकरा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो; १८६० च्या ऑगस्टपासून पुढच्या जुलैपर्यंत तर तो २६,४६१ मिलिमीटर पडल्याची नोंद आहे. बाहेर बायामाणसे पाठीवर बांबूचे आणि पानांचे ‘क्नूप’ घेऊन वाकून चालली होती. कोकणातले इरले ज्याने पाहिले आहे त्याला ते ओळखायला वेळ लागत नाही. घरातील वृद्धेने ‘खुब्लेई’ म्हणून स्वागत केले. आपल्या रामरामाप्रमाणे या शब्दातही देव आहे, आणि तो भेटताना, निरोप घेताना, आभार मानतानाही चालतो. मग तिने क्वाय पुढे केला: ओली सुपारी, चुना आणि पान. आपल्या वाळलेल्या सुपारीवर वाढलेल्या माणसाला ती पहिल्या खेपेस घाम फोडते. पूर्वी तेथे वाटेचे अंतरही किती क्वाय चघळून होतात यावर सांगत. आणि माणूस वारला की तो देवाच्या दारी क्वाय खायला गेला, असे म्हणतात.

कचेरीतील एक सहकारी दुभाष्याचे काम करीत होते. वृद्धेने आमच्या घरची चौकशी केली. भावंडे किती? तीन. धाकटी बहीण आहे का? आहे, नागपूरला असते. आणि आई? आई रत्नागिरीकडे, गावच्या घरी. म्हातारी क्षणभर थांबली आणि तिने विचारले, “मग आईजवळ कोण?”

त्या प्रश्नात ठपका नव्हता. व्यवस्थेतील एक जागा रिकामी दिसली म्हणून तिने ती कोणाची, एवढेच विचारले होते. भाऊ पुण्याला आहे, शेजारीण येऊन-जाऊन असते, रोज संध्याकाळी फोन होतो, असे आम्ही सांगितले; सहकाऱ्यांनी त्याचे खासीत काहीतरी केले. या प्रश्नाला उत्तर देण्याएवढी खासी आम्हांला येत नव्हती हे खरे. पण मराठीत तरी ते उत्तर कोठे तयार होते? वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ही जागा रिकामी आहे, आणि आपल्या समाजात तिची चौकशी करण्याची रीत नाही. नोकरी म्हटली की सर्वांना सर्व समजते. न समजणारे माणूस भेटायला दोन-अडीच हजार किलोमीटर दूर जावे लागले.

तेथली रीत सर्वस्वी सुखाची आहे असे मात्र कोणी समजू नये. घराबरोबर धाकट्या मुलीच्या पायांत एक बेडीही येते. दूर जाऊन शिकण्या-कमावण्याची वाट तिला सोपी नसते. ही पद्धत बदलावी असे म्हणणाऱ्या पुरुषांच्या संघटनाही तेथे आहेत. आणि आपल्याकडील देवराईची आठवण देणारे मॉफ्लांगचे पवित्र वन, जेथून पानही बाहेर न्यायचे नाही, ज्या डोंगरांत आहे त्याच डोंगरांत कोळशाच्या खाणींनी जमीन पोखरलेलीही आम्ही पाहिली. सर्वांत जास्त पावसाच्या गावी हिवाळ्यात बाया पाण्यासाठी लांब चालतात हेही पाहिले. पंधरा दिवसांच्या पाहुण्याला यांतले एकच काहीतरी दिसते आणि तो त्याचे वर्णन करून मोकळा होतो.

दक्षिणेच्या उतारावर ओढ्यांवर जिवंत मुळांचे पूल आहेत. रबराच्या जातीच्या वडाची मुळे बांबूच्या किंवा सुपारीच्या पन्हळीतून पलीकडच्या काठाकडे नेतात आणि वाट पाहतात. माणसाचे वजन पेलण्याजोगा पूल व्हायला पंधरा-वीस वर्षे, कधी अधिकही लागतात. आपल्या नेमणुकीची मुदत तीन वर्षांची. तेवढ्यात मूळ पलीकडच्या दगडाला जेमतेम टेकेल. शब्द तीसचे तीनशे झाले, बाजारवाल्या बाईने हसून खरा भाव सांगायला सुरुवात केली, ‘डखार’ म्हणणाराच घरी जेवायला बोलावू लागला, आणि नेमका तेव्हा बदलीचा हुकूम आला. दीर्घ मुक्कामातील सर्वांत मोठा जाच हाच, आणि त्यावर उपाय आम्हांला सापडलेला नाही.

आता पुण्यामुंबईचे स्नेही विचारतात, “काय हो, तिकडचे लोक कसे आहेत?” तेथे चार दिवस जाऊन आलेला मनुष्य याचे उत्तर एका वाक्यात देतो. आम्हांला दर वेळी थोडा वेळ लागतो, आणि तोवर विचारणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते.