नगरचा जलमहाल

यंदा दिवाळीच्या सुटींत घरांतील मंडळींनीं अलिबागेस समुद्रकांठचा एक बंगला आठ दिवसांकरितां घेण्याचें ठरविलें. दारापुढें वाळू, गच्चीवरून सागरदर्शन आणि आयता स्वयंपाक, इतकीं सुखें एकत्र आल्यावर नगरास कोण विचारतो! धाकटा नातू तर विचारूं लागला, "आजोबा, आपल्या नगरला समुद्र कां नाहीं?" मीं उत्तर दिलें नाहीं, निघण्याच्या आदल्या दिवशीं त्याला फराहबागेंत घेऊन गेलों.

शहराच्या आग्नेयेस, लष्करी हद्दींत हा अष्टकोनी महाल उभा आहे. मुर्तजा निजामशहाच्या वेळचा हा विलासमहाल. पहिलें बांधकाम राजास रुचलें नाहीं म्हणून तें पाडून पुन्हा बांधविलें, आणि १५८३ त तें पुरें झालें. भोंवतीं विस्तीर्ण तलाव होता. डोंगरांकडील पाणी खापरी नळांतून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणण्याची निजामशाहीची जी विद्या, तिच्याच जोरावर या अवर्षणाच्या मुलुखांत राजाला जलवेष्टित घर मिळालें. आज तलावाच्या जागीं कोरडी जमीन आहे. परंतु आंत पाऊल टाकतांच जाड भिंती आणि उंच घुमट यांचा गारवा भर दुपारींही जाणवतो.

वास्तविक या राजाला समुद्र नव्हता असें नाहीं. चौलचें बंदर निजामशाहीचेंच. तेथील पोर्तुगीजांना हांकून देण्यासाठीं यानें १५७०-७१ त मोठा वेढा घातला आणि यश न येतां तह करून परतला. पुढें बारा वर्षांनीं त्यानें येथें पाण्यांत घर पुरें करविलें. या दोहोंचा संबंध इतिहासकार जोडीत नाहींत. मला मात्र तो तेथें उभा असतां सुचल्यावांचून राहिला नाहीं.

या महालांत राजा बुद्धिबळें खेळत बसे, असें सांगतात. राज्यकारभार प्रधानांवर सोंपवून वर्षानुवर्षें एकांतांत राहिल्यामुळें लोक त्याला 'दिवाणा' म्हणूं लागले. संशय इतका वाढला कीं, पोटच्या मुलाच्या, मीरान हुसेनच्या, अंथरुणास त्यानें आग लावविली. मुलगा वांचला. १५८८ त त्याच मुलानें बापाला तापविलेल्या हमामखान्यांत कोंडून मारिलें, आणि वर्ष पुरें होण्यापूर्वींच तोही मारला गेला.

यांतलें कांहींच मीं नातवाला सांगितलें नाहीं. तो घुमटाखालीं उभा राहून आरोळ्या देत होता व प्रतिध्वनि मोजीत होता. मग एकदम थांबून म्हणाला, "राजाचीं मुलें सुटींत इथें येत असत का? त्यांची खोली कोणती?"

मीं वरच्या मजल्याकडे बोट दाखविलें. तो धांवत गेला. घरीं सामान बांधावयाचें होतें, तरी त्याला हांक मारण्याची मला घाई झाली नाहीं.